गुळाचा भाव डोळ्यांनी ठरवायचा की जिभेने?

कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकरी गावच्या डेअरीत म्हशीचे दूध घालतो तेव्हा त्याचा भाव फॅट आणि एसएनएफ, म्हणजे दुधातील स्निग्धांश आणि स्निग्धांश सोडून उरणारे घन पदार्थ, पाहून ठरतो. ६.० फॅट आणि ९.० एसएनएफला इतका दर, त्यावर प्रत्येक पॉइंटला इतके पैसे, हा हिशेब घरातील शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतो. तोच शेतकरी कारखान्याला ऊस घालतो तेव्हा दर साखर उताऱ्याला, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्याला, बांधलेला असतो. उतारा कमी दाखवला, काटा मारला, अशी भांडणे दर हंगामात होतात. पण भांडायला काहीतरी मोजमाप असते म्हणूनच ती होतात. मात्र हाच माणूस त्याच उसाचा गूळ करून मार्केट यार्डात आणतो तेव्हा मोजमाप संपते. व्यापारी रवा, म्हणजे गुळाची ढेप, उघडून पाहतो, एखादा कोपरा फोडून कणी बघतो, क्वचित तुकडा जिभेवर ठेवतो आणि बोली लावतो. त्या बोलीत सर्वांत जास्त वजन रंगाचे असते. पिवळाधमक, केशरी झाक असलेला, कडक बसलेला रवा वरच्या भावात जातो आणि तांबूस किंवा काळपट रवा, तो चवीला कितीही सरस असला तरी, खालच्या भावात जातो.

कोल्हापुरी गुळाच्या भेसळीची चर्चा दरवर्षी होते. अन्न व औषध प्रशासनाचे छापे पडतात, एखाद्या गुऱ्हाळावर साखरेची पोती सापडल्याची बातमी येते, चार दिवस वर्तमानपत्रांत मथळे झळकतात आणि सौदे पुन्हा पूर्ववत सुरू होतात. या चर्चेत दोष नेहमी गुऱ्हाळमालकाच्या माथी मारला जातो. तो पूर्णपणे निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्या बाजाराने गेली कित्येक वर्षे रंगाला पैसे मोजले, त्या बाजाराला रंग आणून देणारी माणसे मिळाली, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. भाव ठरवण्याची पद्धत बदलल्याशिवाय गूळ सुधारणार नाही, आणि ती पद्धत बदलायची असेल तर गूळ खाणाऱ्याला गुळाची चव कळली पाहिजे, असे माझे मत आहे. खाण्यापिण्याचा शौक हा खासगी विषय वाटतो खरा. पण एखाद्या कारागिराचा माल कसा खावा, कसा ओळखावा, हे ठाऊक असणारे गिऱ्हाईक उरले नाही की त्या कारागिराचे कसबही फार काळ उरत नाही.

या बाजारामागे मोठा इतिहास आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली, बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना सवलती देऊन बोलावले आणि गुळाच्या व्यापाराला शहरात हक्काची जागा दिली. पंचगंगेच्या खोऱ्यातील काळी-तांबडी जमीन, बारमाही पाणी आणि जवळच बाजारपेठ असे तिन्ही जुळून आल्यामुळे करवीर, पन्हाळा, कागल, राधानगरी या भागांत मळ्यामळ्यांत गुऱ्हाळे उभी राहिली. पुढे हा व्यापार श्री शाहू मार्केट यार्डात गेला. दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतात आणि त्या दिवशीच्या भावावरून हंगामाचा अंदाज बांधला जातो. या गुळाचे मोठे गिऱ्हाईक गुजरातेत आहे. तिथे माल शीतगृहात ठेवून वर्षभर विकतात, त्यामुळे पावसाळ्यात न पाझरणारा, कडक आणि उजळ रवा त्यांना हवा असतो. त्यांची गरज त्यांच्या दृष्टीने रास्तच आहे. अडचण अशी झाली की एका दूरच्या बाजाराची ही गरज हळूहळू कोल्हापुरी गुळाची व्याख्याच होऊन बसली आणि कोल्हापूरच्या घरांतही पिवळा तो चांगला, काळा तो हलका, हाच हिशेब रुजला.

वास्तविक गुळाचा रंग ही गुळव्याची, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराची, करामत जितकी आहे तितकीच उसाची, जमिनीची आणि त्या वर्षीच्या पावसाची आहे. को ९२००५ सारख्या जातीचा गूळ उजळ निघतो. को ८६०३२ चा वेगळा. चोपण, खारवट जमिनीतील किंवा रासायनिक खतांचा मारा केलेल्या उसाचा गूळ मऊ पडतो आणि त्याला खारट चव येते. ऊस पुरा पक्व झालेला नसेल, किंवा तोडून दोन-तीन दिवस बांधावर पडला असेल, तर रसातील सुक्रोजचे, म्हणजे उसाच्या साखरेचे, विघटन होते आणि रवा नीट बसत नाही. म्हणजे निम्मा गूळ काहिलीत, रस आटवण्याच्या मोठ्या कढईत, रस पडण्यापूर्वीच ठरलेला असतो. उरलेला निम्मा चुलवणावर, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीवर, ठरतो.

तो उरलेला निम्मा भाग जवळून पाहण्यासारखा आहे. हजारभर लिटर रस काहिलीत पडला की खाली जळव्या चुलवणात वाळलेली चिपाडे सारत राहतो. त्याचे काम फक्त जाळ घालण्याचे नसते. कधी जाळ चढवायचा आणि कधी ओढून घ्यायचा हे त्याला गुळव्याच्या एका हाकेवर समजावे लागते. रस तापू लागला की वर काळपट हिरवी मळी जमते. ती नीट फाटावी म्हणून रानभेंडीची झाडे ठेचून, पाण्यात चोळून काढलेला बुळबुळीत चीक रसात घालतात. रसाचा आंबटपणा मोडावा म्हणून बेताने चुना घालतात. मळी जितकी स्वच्छ काढली जाईल तितका गूळ आपसूक उजळ होतो. मळी काढायला वेळ लागतो, घाई केली की ती रसातच मिसळून जाते. पुढे रस आटून फेस वर चढू लागतो, तेव्हा थोडे तेल शिंपडून तो बसवतात. १०५ ते १०६ अंश सेल्सिअसच्या आसपास काकवी, म्हणजे पातळ गूळ, तयार होते. तिथे न थांबता आणखी आटवले तर ११८ अंशांच्या सुमारास गुळाचा पाक येतो. तापमापक असला तरी जुना गुळव्या त्याच्याकडे क्वचितच बघतो. फावड्यावरून ओघळणारी तार, बुडबुड्यांचा आकार आणि वास यांवरून तो अंदाज घेतो, मग चिमूटभर पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळतो आणि ती गोळी भांड्यावर आपटून तिचा आवाज ऐकतो. गोळी टणकन वाजली की काहील उतरवण्याची हाक जाते. या घडीला मिनिटभराची चूक झाली तर गूळ एक तर चिकट राहतो किंवा करपतो. अडीच-तीन तासांची मेहनत, दीड-दोन एकरांतील उसाचा एक हिस्सा आणि मालकाचा भाव, सगळे त्या मिनिटावर अवलंबून असते. अशा माणसाचे नाव रव्यावर नसते, पावतीवर नसते, बाजारात कोणाला ठाऊकही नसते. मालक त्याला हंगामापुरता ठरवून आणतो आणि हंगाम संपला की तो गावी निघून जातो. त्याची मुले आज या कामाला येत नाहीत, याबद्दल त्यांना बोल लावण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाच नाही.

आता या कसबाला आडवाट काय आहे ते पाहू. मळी नीट काढली नाही, ऊस हलका होता, जमीन खारवट होती, तरी शेवटी चमचाभर हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट टाकले की गूळ पिवळा दिसतो. हा उजळपणा टिकाऊ नसतो. हवा लागत राहिली की काही आठवड्यांत गूळ पुन्हा काळवंडू लागतो. पण तोपर्यंत सौदा झालेला असतो. याहून पुढची पायरी साखरेची. साखर मिसळली की रंग उजळतो, कणी धरते, ढेप कडक बसते आणि पावसाळ्यात पाझरत नाही. ज्या चार गुणांना बाजार पैसे देतो ते चारही गुण एका पोत्यातून मिळतात आणि गुळव्याच्या कौशल्याची गरज जवळजवळ संपते. या दृष्टीने पाहिले तर साखरेने सर्वांत आधी बाहेर काढला तो गुळव्या. गिऱ्हाइकाची फसवणूक त्यानंतरची.

यावर नेहमीचे उत्तर असते की तपासणी कडक करा. तपासणी हवीच, पण तिच्या मर्यादा समजून घेतल्या नाहीत तर आपण पुन्हा छाप्यांच्या बातम्यांवरच समाधान मानू. अन्नसुरक्षेच्या नियमांत गुळासाठी जे मानक आहे त्यात कोरड्या वजनावर एकूण शर्करा किमान ९० टक्के आणि सुक्रोज किमान ६० टक्के असावे असे म्हटले आहे. या दोन्ही अटी किमान मर्यादेच्या आहेत. गुळात साखर मिसळली की सुक्रोज वाढते, घटत नाही. म्हणजे भेसळ केलेला गूळ या कसोटीवर अस्सल गुळापेक्षाही ऐटीत उत्तीर्ण होतो. मधात उसाची साखर मिसळली तर कार्बनच्या समस्थानिकांवरून ती पकडता येते, कारण मध ज्या बहुतेक फुलांपासून येतो त्या वनस्पती आणि ऊस यांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत वेगळी आहे. गुळाच्या बाबतीत ही वाटही बंद आहे. गूळही उसाचा आणि साखरही उसाचीच. राखेचे, म्हणजे खनिजांचे, प्रमाण मात्र साखरेत जवळजवळ शून्य असते, त्यामुळे साखर मिसळलेल्या गुळात राख कमी भरते. पण नियमांत राखेला जास्तीत जास्त ६ टक्क्यांची मर्यादा आहे, किमान मर्यादा नाही. जमिनीप्रमाणे राखेचे प्रमाण बदलते हे मान्य करूनही, कोल्हापूर भागातील शुद्ध गुळाची राख आणि सुक्रोज साधारण कोणत्या टप्प्यात असतात याचा पट्टा शास्त्रज्ञांना बांधून देता येईल. कोल्हापुरात प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. हे काम याच मातीतील उसावर आणि याच गुऱ्हाळांवर व्हायला हवे.

दुसरे उत्तर भौगोलिक मानांकनाचे. कोल्हापुरी गुळाला ते २०१४ साली मिळाले, तेव्हा आता गुळाला चांगले दिवस येतील असे सर्वांना वाटले. मानांकन नावाचे रक्षण करते. दुसऱ्या प्रांतातील कोणी आपल्या ढेपेवर कोल्हापूरचे नाव घालू लागला तर त्याला रोखण्याचे ते साधन आहे. पण कोल्हापुरातच बनलेला साखरमिश्रित गूळ कोल्हापूरच्या नावाने विकला जात असेल तर ते नाव आतूनच पोकळ होते, आणि त्याला बाहेरचा शत्रू लागत नाही. मानांकनाचा लाभ घ्यायचा तर उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करायची असते, ठरलेली पद्धत पाळायची असते आणि ती पाळली जाते की नाही हे कोणीतरी पाहायचे असते. कायद्याने नाव दिले. पहारा आपण बसवलाच नाही. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचीही कथा फारशी वेगळी नाही. २०१६ साली मानांकन मिळाले, नाव झाले, मागणी वाढली, आणि त्या पाठोपाठ घनसाळच्या पोत्यात दुसराच बारीक तांदूळ भरून विकण्याचे प्रकारही वाढले. ज्याने आयुष्यभर घनसाळ खाल्ला आहे त्याला भात शिजताना घरभर सुटणाऱ्या वासावरूनच फरक कळतो. ज्याने नाव ऐकून पहिल्यांदा विकत घेतला त्याला मात्र कळत नाही.

गुऱ्हाळमालकाची बाजू इथे मांडायला हवी, कारण ती ऐकून न घेता शुद्धतेच्या गोष्टी करणे सोपे आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेला उसाचा एफआरपी (कारखान्याने द्यायचा किमान दर) १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये आहे. कोल्हापूरचा उतारा याहून वरचा असल्याने इथे प्रत्यक्ष दर आणखी चढतो. एका टनातून साधारण शंभर ते सव्वाशे किलो गूळ पडतो. मध्यावर ११० किलो धरले तर किलोमागे सव्वाबत्तीस रुपये नुसत्या उसाचेच झाले. त्यावर गुळव्या, जळव्या, घाणेवाले, ऊसतोडणी, वाहतूक, वीज, भेंडी-चुना, कापड आणि बॉक्स, शिवाय अडत व हमाली. पुन्हा कारखान्याला ऊस घातला तर ही सगळी डोकेदुखी नाही. ऊस गेला की बिलाची वाट पाहायची. या परिस्थितीत जो अजून गुऱ्हाळ चालवतो त्याला सौद्यात तांबूस रव्याला क्विंटलमागे चार-पाचशे रुपये कमी मिळाले, तर पुढच्या काहिलीत तो काय करील हे सांगायला ज्योतिषी नको. जिल्ह्यातील गुऱ्हाळे एकामागून एक बंद पडत गेली ती याच हिशेबाने. उरलेल्यांपैकी काहींनी साखरेची वाट धरली, काहींनी थेट गिऱ्हाइकाला विकण्याची. दुसरी वाट धरणाऱ्यांची संख्या वाढावी अशी आपली इच्छा असेल तर त्यांच्या मालाला फक्त शाबासकी देऊन भागणार नाही.

साखर मिसळणाऱ्यांचा एक युक्तिवाद मला विचार करण्यासारखा वाटतो. ते म्हणतात, साखर काही विष नाही, उसाचीच आहे. दूरच्या बाजाराला टिकाऊ माल हवा, आम्ही तो देतो. असे असेल तर त्या मालाला त्याचे खरे नाव द्यावे. साखरमिश्रित गूळ असा वेगळा प्रकार नोंदवावा, बॉक्सवर तसे छापावे, त्याचे सौदे वेगळे काढावेत आणि ज्याला हवा त्याने तो घ्यावा. आक्षेप मिसळण्यापेक्षा लपवण्याला आहे, कारण लपवलेला माल शेजारच्या गुऱ्हाळातील प्रामाणिक मालाचा भाव पाडतो. मात्र हायड्रॉसच्या बाबतीत ही सवलत देता येणार नाही. त्यातून गुळात शिल्लक राहणाऱ्या सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा आहे, गुऱ्हाळावर चमचा तराजूने मोजून टाकला जात नाही, आणि दम्याच्या रुग्णांना हा घटक विशेष त्रासदायक ठरू शकतो.

प्रयोगशाळेला जे सहज जमत नाही ते काही ठिकाणी साध्या व्यवहाराने जमते, याची उदाहरणे शहरातच आहेत. उन्हाळ्यात कोणत्याही डंकावर, म्हणजे मिरची-मसाला कुटून देणाऱ्या यंत्रावर, जाऊन पाहावे. बायका घरून वाळवलेली, देठ खुडलेली मिरची घेऊन येतात. रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी संकेश्वरी किंवा लवंगी, हे प्रमाण प्रत्येकीचे वेगळे आणि त्यावरची मतेही ठाम. भाजलेले खोबरे, तीळ, धणे, तळलेला कांदा, लसूण हे सगळे आपल्या डब्यांतून आणायचे, रांगेत नंबर लावायचा आणि आपला मसाला कुटून होईपर्यंत तिथेच बसायचे. डंकाचा मालक फक्त कुटण्याचे पैसे घेतो. या व्यवहारात भेसळीला जागाच राहत नाही, कारण कच्चा माल गिऱ्हाइकाचा, पाककृती गिऱ्हाइकाची आणि डोळेही गिऱ्हाइकाचेच. शिवाय डंकावर कुटताना मसाला चक्कीइतका तापत नाही, त्यामुळे वास टिकतो, हा फायदा वेगळा. गंगावेशीतील दूध कट्ट्यावरही हेच तत्त्व आहे. म्हैस समोर, धार समोर, फेसाळलेला पेला हातात. पाणी घालायला वाव कुठे? अर्थात कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होऊ शकतात, तेव्हा धारोष्ण दुधाचे कौतुक करताना ते तापवून पिणेच शहाणपणाचे, असे मी तरी म्हणेन, आणि त्यावर तालमीतील मंडळी माझ्यावर रागावतील हेही मला ठाऊक आहे. मुद्दा विश्वासाचा आहे. समोर घडलेल्या वस्तूची परीक्षा करायला गिऱ्हाइकाला शिकवावे लागत नाही. गुळाचे गिऱ्हाईक मात्र काहिलीपासून फार लांब गेले आहे, म्हणून त्याला परीक्षा शिकावी लागेल.

ती फार अवघड नाही. चांगल्या गुळाचा खडा जिभेवर ठेवला की तो सावकाश विरघळतो, गोडीच्या मागून उसाच्या रसाचा वास येतो आणि शेवटी अगदी हलकी, खनिजांची म्हणता येईल अशी चव रेंगाळते. ही मागची चव साखरेला नसते. साखरमिश्रित गूळ चटकन गोड लागतो आणि तिथेच संपतो. दाताखाली त्याची कणी साखरेसारखी करकरते. खारटपणा ठळक असेल तर दोष जमिनीचा किंवा खतांचा. कडवटपणा असेल तर पाक करपला आहे. उजळ रंग पाहून लगेच संशय घ्यावा असेही नाही, कारण चांगल्या जमिनीतील, चांगल्या जातीचा, मळी स्वच्छ काढलेला गूळ नैसर्गिकरीत्याही सोनेरी असतो. एकाच लॉटचे सगळे रवे अगदी एकसारखे लिंबासारखे पिवळे दिसू लागले की मात्र प्रश्न विचारावा.

ही पारख वापरातूनच वाढते, आणि वापर हळूहळू फक्त तीळगुळापुरता उरला आहे. आपल्या आधीच्या पिढीतील बायका पोळीचा गूळ आणि चिक्कीचा गूळ वेगळा मागत असत. पोळीला मऊ, किसला जाणारा गूळ. चिक्कीला चिवट, कडक पाक धरणारा. हे ज्ञान दुकानदारालाही होते. आज प्लॅस्टिकच्या बॉक्सवर फक्त वजन आणि देवाचे चित्र असते. खरे तर एकाच हंगामात दोन-तीन गुऱ्हाळांचा गूळ आणून शेजारी शेजारी ठेवून खाण्यासारखी चैन कोल्हापूरकराला जितकी स्वस्त आहे तितकी दुसऱ्या कोणाला नाही. भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर किंचित खारट गूळही उत्तम लागतो. सुक्या खोबऱ्याबरोबर मात्र उजळ, सौम्य गूळ हवा. तांबूस, जरा जास्त आटवलेल्या गुळाची आमटी आणि चिंचेचे सार पिवळ्या गुळाला कधीच जमणार नाही. काकवी ताजी असताना गरम भाकरीवर किंवा तूप लावलेल्या चपातीबरोबर खावी. तळाशी खडे बसू लागले की ती बिघडली असे समजून टाकून देऊ नये, कोमट पाण्यात बाटली ठेवली की ती पुन्हा पातळ होते. गुळाच्या चहाबद्दल तक्रार असते की दूध फाटते. गुळात थोडी आम्लता आणि खनिजे असतात, त्यामुळे उकळत्या दुधात गूळ घातला की तसे होते. चहा उतरवल्यावर गूळ घातला की बहुधा ही अडचण येत नाही. आणि हंगामातला गूळ हंगामातच चाखावा. पौष-माघातील ताज्या गुळाचा वास भाद्रपदापर्यंत कोणताही डबा सांभाळू शकत नाही.

या कौतुकात दोन गोष्टींपासून सावध राहायला हवे. पहिली म्हणजे औषधी दावे. गुळात लोह आहे, गूळ रक्त वाढवतो, मधुमेहींना गूळ चालतो, असे बरेच काही बॉक्सवर आणि मोबाइलवर वाचायला मिळते. गूळ हा मुख्यतः सुक्रोजच आहे आणि मधुमेह असलेल्या माणसाची रक्तशर्करा तो साखरेसारखीच वाढवतो. गुळाची बाजू मांडायला खोट्या औषधीपणाची गरज नाही. चव पुरेशी आहे. दुसरी गोष्ट किमतीची. रसायनविरहित म्हणून पुण्या-मुंबईच्या दुकानांत काही ठिकाणी साध्या गुळाच्या दुप्पट-तिप्पट दराने गूळ विकला जातो, आणि त्यातला किती वाटा गुऱ्हाळापर्यंत पोचतो हे विचारले की उत्तरे गोलमोल मिळतात. शुद्ध गूळ ही श्रीमंतांची हौस होऊन बसली तर त्याने ना गुळव्याचे भले होईल, ना ज्या घरांत गूळ-भाकरी हेच न्याहारीचे अन्न होते त्या घरांचे. किलोमागे दहा-पंधरा रुपये जास्त गुऱ्हाळमालकाच्या हाती पडले तरी हिशेब बदलतो, हे वरच्या आकड्यांवरून दिसते.

म्हणून सुरुवात सौद्यातून व्हावी. बाजार समितीने प्रत्येक लॉटवर गुऱ्हाळाचे नाव, उसाची जात, गाळपाची तारीख आणि, मी तर म्हणेन, गुळव्याचे नाव लिहिणे बंधनकारक करावे. ओलावा मोजायला साधे यंत्र पुरते. सल्फर डायऑक्साइडची तपासणीही यार्डातच होऊ शकते. ज्या गुऱ्हाळांना साखर आणि हायड्रॉस न वापरता गूळ करायचा आहे त्यांची नोंद घ्यावी, हंगामात न सांगता त्यांना भेट द्यावी, आणि त्यांच्या मालाचे सौदे स्वतंत्र, शक्यतो आधी काढावेत. चव ठरवण्यासाठी चार जाणत्या माणसांचे पथक नेमता येईल. चहाच्या लिलावात चव घेणारे तज्ज्ञ असतात आणि त्यांच्या मतावर मोठे व्यवहार होतात, मग गुळात ते अशक्य कसे? यात चुका होतील, वशिलेबाजीचे आरोप होतील. दुधाच्या फॅटवरूनही अजून होतात. तरीही डोळ्यांनी भाव ठरवण्यापेक्षा त्या आरोपांवर भांडणे बरे, कारण त्या भांडणात उत्पादकाला काहीतरी दाखवता येते.

राहिला प्रश्न खर्चाचा. बाजार समिती सौद्यावर सेस घेते आणि गूळ हा तिच्या यार्डातील मानाचा माल आहे. त्या सेसचा एक हिस्सा तीन हंगामांसाठी या कामाला बाजूला काढावा, आणि पहिल्या हंगामात तांबूस गूळ आणणाऱ्या नोंदणीकृत गुऱ्हाळांना सौद्यात जो तोटा बसेल त्याचा काही भाग त्यातूनच भरून द्यावा. येत्या पाडव्याच्या मुहूर्ताला हे जाहीर झाले तर त्याच हंगामातील काहिलींसाठी भेंडीची सोय करायला गुऱ्हाळमालकांना वेळ मिळेल.